अण्णा रंगारी होते, आणि गायतोंड्यांच्या चित्रापाशी थांबले

निळीशाई

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. चित्रकलेतलं मला फार कळत नाही, तेव्हा जाणकारांनी चुकलं तिथे जरूर सांगा.

आमचे अण्णा चाळीस वर्षं रंगारी होते. डोंबिवली, ठाणे, मुलुंड. चाळींच्या खोल्या, नंतर सोसायट्यांचे जिने, बंगले. आता कामं घेत नाहीत, गुडघ्यांमुळे परांचीवर चढवत नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांना डोळ्यांच्या तपासणीसाठी फोर्टात आणलं होतं. काम लवकर आटपलं, म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. मूर्ती, शस्त्रं, लघुचित्रं बघून झाली आणि आम्ही जहांगीर निकल्सन दालनात शिरलो. तिथे आधुनिक भारतीय चित्रं असतात. मी मनात म्हटलं, इथे अण्णा दोन मिनिटांत कंटाळतील.

वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रापाशी ते उभे राहिले आणि हलेचनात. उभा कॅनव्हास. जवळजवळ एकच रंग, आणि त्यात कुठे कुठे काहीतरी वर आल्यासारखं किंवा खाली गेल्यासारखं. मी नेहमीप्रमाणे बाजूच्या पाटीवर नाव वाचायला गेले. नाव नव्हतंच, 'शीर्षकहीन' एवढंच. मागे वळले तर अण्णा चित्रासमोर नव्हते. ते चित्राच्या बाजूला, भिंतीला खांदा लावून, एक डोळा मिटून कॅनव्हासच्या पृष्ठभागावरून आडवी नजर टाकत होते. तिथल्या माणसाने नम्रपणे थोडं मागे व्हायला सांगितलं, तेव्हा मागे झाले.

मला म्हणाले, "रोलर मारलाय. पण एका दिवसात नाही मारलेला. खालचा हात सुकू दिलाय, मग वरचा दिलाय. आणि मधे कुठे कुठे पत्र्याने ओढून खालचा काढलाय परत."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रंगारी लोक रंगाच्या थराला 'हात' म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. लांबी म्हणजे भिंतीतले खाचखळगे बुजवायचा लगदा, आणि पत्रा म्हणजे ती लांबी भरायची पातळ पट्टी.

घरी येऊन मी शोधाशोध केली. गायतोंडे खरोखरच रोलर आणि पॅलेट नाइफ (चित्रकारांची रंग ओढायची बोथट सुरी) वापरत. थरावर थर देत, काही ठिकाणी रंग काढून घेत. अण्णांनी पाटीसुद्धा वाचली नव्हती.

माझा प्रश्न असा. अमूर्त चित्र 'कळत नाही' म्हणून आपण बहुतेक जण दोन पावलांत पुढे जातो. अण्णांना ते 'कळलं' असं मी म्हणणार नाही, पण त्यांनी त्यात जे पाहिलं ते मला दिसलंच नव्हतं. आपण समोर उभं राहून चित्राला चुकीचा प्रश्न विचारतो का? गायतोंड्यांबद्दल, त्यांच्या कामाच्या पद्धतीबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी लिहावं.

पाणकणीस

फार सुंदर लिहिलंय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

हिशोबनीस

लेख आवडला, अण्णांची नजर त्याहून आवडली. पण एक मनापासूनचा प्रश्न विचारतो, राग मानू नये. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेच्या मुंबईतल्या पहिल्या लिलावात गायतोंड्यांचं १९७९ सालचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. दोन वर्षांनी, २०१५ मध्ये, त्यांचंच १९९५ सालचं चित्र २९ कोटी ३० लाखांना. रोलर, पत्रा, थरावर थर. अण्णांनी आयुष्यभर हेच केलं आणि त्यांना रोजंदारी मिळाली. मग तेवीस कोटींचा फरक नेमका कशात आहे? हे मला खरंच समजून घ्यायचं आहे.

निळीशाई

हिशोबनीस, राग अजिबात नाही. हा प्रश्न माझ्याही मनात आला होता आणि मी तो अण्णांना विचारलाही. ते म्हणाले, "मी भिंत एकसारखी दिसावी म्हणून हात दिले. ह्याने एकसारखी दिसू नये म्हणून दिलेत." पैशांबद्दल काहीच बोलले नाहीत.

जुनाजेजेकर

अण्णांचं हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आहे.

मी जेजेत, म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलो, पुढे बरीच वर्षं शिकवलं. आधी आयुष्याबद्दल थोडं सांगतो, मग रंगाकडे येतो. माझा जीव तिथे आहे.

गायतोंड्यांचा जन्म १९२४ सालचा, नागपूरचा. घराणं गोव्याचं. वाढले मुंबईत, गिरगावातल्या चाळीत. १९४८ मध्ये सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतली. तो काळ डोळ्यांसमोर आणा. १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला होता. गायतोंडे त्यात थोडे नंतर, १९५० च्या सुमारास आले. तेव्हा ते अमूर्त काढत नव्हते. त्या वर्षांतल्या चित्रांत माणसं आहेत, पक्षी आहेत, लघुचित्रांतून आणि जैन पोथ्यांतून आलेली सपाट, तेजस्वी रंगांची मांडणी आहे. मग पॉल क्ले या स्विस-जर्मन चित्रकाराचा प्रभाव आला. क्लेकडून त्यांनी रेषेचा मोकळेपणा घेतला आणि आकृती हळूहळू विरत गेली. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच चित्रातून वस्तू पूर्ण गेली.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. गायतोंड्यांना 'अमूर्त' हा शब्द मान्य नव्हता. ते आपल्या चित्रांना 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. फरक बारीक वाटेल, पण सगळी गोम त्यातच आहे. अमूर्त म्हणताना आपण धरून चालतो की आधी काहीतरी मूर्त होतं, झाड होतं, डोंगर होता, आणि चित्रकाराने त्यातलं ओळखू येणारं काढून टाकलं. मग आपण उलट्या दिशेने तो डोंगर शोधत बसतो. गायतोंड्यांच्या चित्रात आधी डोंगर नव्हताच. तिथे रंग आहे, प्रकाश आहे, पृष्ठभाग आहे, आणि जे आहे ते तेवढंच आहे.

पृष्ठभागाबद्दल रात्री लिहितो.

सप्तकातला_नि

जेजेकर सर, थांबलोय. मधल्या वेळात माझे दोन पैसे.

गाण्यात आपण हा प्रश्न कधी विचारत नाही. तराण्यात 'तनन देरेना' ऐकताना शेजारचा माणूस 'याचा अर्थ काय' म्हणत नाही. यमनातला तीव्र मध्यम कशाचं चित्र आहे हे कुणी विचारत नाही. मग रंगाला का विचारतो? मला वाटतं लहानपणापासून चित्र म्हणजे 'माझी शाळा', 'आमची सहल', दोन डोंगर आणि मधे सूर्य असंच आपल्याला शिकवलं जातं. सुराला मात्र तशी सक्ती कधीच झाली नाही. गायतोंड्यांना संगीताची फार ओढ होती असं वाचलं आहे. मला त्यांच्या चित्रांत विलंबित ख्याल ऐकू येतो.

पाणकणीस

नि, +१. 'माझी शाळा' अगदी खरं.

जुनाजेजेकर

नि, गाण्याची तुलना मलाही प्रिय आहे, मी वर्गात ती कितीतरी वर्षं केली. पण एका ठिकाणी ती अडते. गाणं वेळ स्वतः घेऊन येतं. विलंबित एकतालाचं आवर्तन अर्ध्यात सोडून पुढे जाता येत नाही, गायक तुम्हाला थांबवून ठेवतो. चित्र मात्र एका क्षणात सगळं समोर असतं. ते तुम्हाला थांबवू शकत नाही. थांबायचं बघणाऱ्याला. गायतोंड्यांच्या चित्रात वेळ भरपूर आहे, पण तो थरांमध्ये आडवा पडलेला आहे. तुम्ही तिथे उभे राहिलात तरच तो सुटायला लागतो. म्हणून अण्णा थांबले ही मला या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते.

आता रंग.

तेलरंग पाण्यासारखा उडून जाऊन सुकत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि हळूहळू घट्ट होतं. म्हणून जलरंग मिनिटांत सुकतो आणि तेलरंगाला दिवस लागतात, थर जाड असेल तर आठवडे. ओल्यावर ओलं दिलं तर दोन्ही रंग मिसळतात, चिखल होतो. खालचा पुरता सुकण्याआधी वर कमी तेलाचा, झटपट सुकणारा थर चढवला तर वरचा आधी आखडतो आणि पुढे भेगा पडतात. म्हणून तेलरंगाचा जुना नियम: खाली कमी तेलाचं, वर जास्त तेलाचं. पातळ, पारदर्शक थरांनी काम करणाऱ्याला वाट बघण्यावाचून गत्यंतर नसतं.

गायतोंडे या वाट बघण्यातच काम करत. रोलरने रंग पसरायचा. रोलरचं वैशिष्ट्य असं की त्यात मनगटाची लकब उमटत नाही. ब्रशने मारलेल्या फटकाऱ्यात चित्रकार दिसतो, त्याचा जोर, त्याचा राग, त्याची घाई दिसते. रोलर ते सगळं पुसून टाकतो. मग पॅलेट नाइफने काही भाग ओढून काढायचा, खालचा रंग वर येऊ द्यायचा. काही ठिकाणी ते कागदाचे फाडलेले तुकडे रंगात वापरत, ते दाबून उचलले की त्यांच्या कडांचे आकार मागे राहत. १९७० नंतरच्या चित्रांत अक्षरांसारखी जी चिन्हं तरंगताना दिसतात, ती पुष्कळदा अशी आलेली आहेत. लिपीसारखी दिसतात, पण वाचायला जाल तर कुठल्याच भाषेतली नाहीत.

वर्षाला त्यांची चित्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होत. बाकीचा वेळ ते विचार करत, बघत बसत. ते आळशी आहेत असं समजणारे लोकही होते. मी मात्र विद्यार्थ्यांना सांगायचो की कॅनव्हाससमोर बसून राहणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. पुढचा थर द्यायचा की नाही, हे ठरवण्यात महिने गेले तरी ते महिने चित्रात जमा होतात.

हिशोबनीस

सर, माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. रोलरमध्ये मनगटाची लकब उमटत नाही हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पण मग एक नवीनच प्रश्न पडला. हात दिसू नये म्हणून एवढी धडपड, तर मग हे चित्र गायतोंड्यांचंच आहे हे ओळखतात कसं?

जुनाजेजेकर

फार चांगला प्रश्न. प्रकाशावरून. एकाच रंगाच्या पाच-सात छटा एकमेकींवर अशा बसतात की उजेड बाहेरून पडल्यासारखा वाटत नाही, आतून येतो. नक्कल करणाऱ्याला आकार जमतात, पोत जमतो, हा आतला उजेड जमत नाही. कारण तो मिसळून तयार केलेला रंग नसतो, एकातून दुसरा दिसत असतो. वरच्या थरातून शिरलेला प्रकाश खालच्या थरावर आपटून परत येतो.

आणि सही पुढे नसते, कॅनव्हासच्या मागे असते. समोरचा पृष्ठभाग त्यांना मोकळा हवा असायचा.

निळीशाई

सर, हे अण्णांना वाचून दाखवलं. 'वाट बघण्यात काम' ऐकून हसले. म्हणाले, "मालक लोकांना हेच कळत नाही. सुकतंय म्हटलं की म्हणतात, बसून राहिलाय." आणि भिंतीला खांदा लावून का बघत होतात, असं मी विचारलं. त्यावर म्हणाले, लांबी नीट बसली का बघायला ते पिवळा बल्ब भिंतीला तिरका धरायचे. समोरून उजेड टाकला की भिंत गुळगुळीतच दिसते, आडवा टाकला की खाचखळगे दिसतात. वस्तुसंग्रहालयात बल्ब नव्हता म्हणून त्यांनी डोळाच तिरका केला.

जुनाजेजेकर

निळीशाई, हे वाचून मी खुर्चीतून उठलो. चित्रांची निगा राखणारे संवर्धक नेमकं हेच करतात. चित्र अंधारात ठेवून एका बाजूने अगदी तिरका प्रकाश टाकतात आणि पृष्ठभागाचे फोटो घेतात. थर कुठे उचलला आहे, भेग कुठे आहे, चित्रकाराने कुठे रंग काढून परत लावला आहे, सगळं दिसतं. अण्णांना तो धडा भिंतींनी शिकवला.

दूरदेशी

धागा आत्ता दिसला, उशिरा लिहितेय. मी न्यू जर्सीत असते. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ गायतोंड्यांचं मोठं प्रदर्शन होतं, संधिनी पोद्दार यांनी मांडलेलं. सुमारे ४५ कामं होती. पुढे ते व्हेनिसलाही गेलं. मी दोनदा पाहिलं.

पहिल्यांदा मुलाला घेऊन गेले होते, तो तेव्हा नऊ वर्षांचा. संग्रहालयाच्या मुख्य गोल चढणीवर 'झीरो' या युरोपीय गटाचं प्रदर्शन होतं. त्यात दिवे होते, फिरणाऱ्या वस्तू होत्या, तो तिथेच रमला. गायतोंड्यांच्या दालनात आला आणि एकदम आवाज खाली आणून बोलायला लागला. कुणी सांगितलं नव्हतं. देवळात गेल्यावर मुलं करतात तसं.

दुसऱ्यांदा एकटी गेले, जानेवारीत, बाहेर बर्फ होतं. साठच्या दशकातल्या चित्रांपाशी बसून राहिले. आडवे, करडे-हिरवे, क्षितिजासारखे पट्टे. जेजेकर सर म्हणतात तसं डोंगर-समुद्र शोधू नये हे पटतं, पण मला खरं सांगायचंय की मला तिथे मुंबईचा पावसाळ्यातला समुद्र दिसला आणि रडू आलं. सोळा वर्षं झाली होती घर सोडून. हे चुकीचं बघणं आहे का?

सप्तकातला_नि

दूरदेशी, अजिबात चुकीचं नाही. मारवा ऐकताना मलाही संध्याकाळ दिसतेच.

जुनाजेजेकर

दूरदेशी, तुम्ही लिहिलंत ते वाचून मला माझं ठासून सांगणं थोडं सैल करावंसं वाटतंय. ती चित्रं ज्या काळातली आहेत तेव्हा गायतोंडे वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये काम करत. समुद्र अगदी समोर. तासन् तास ते समुद्राकडे बघत बसत असं त्यांना ओळखणाऱ्यांनी सांगितलेलं आहे. त्यांनी समुद्र काढला नाही. पण इतकी वर्षं रोज समुद्र बघणाऱ्याच्या हाताखालून जो उजेड आला, त्यात तुम्हाला तो ओळखू आला तर त्यात नवल काय?

त्या इमारतीबद्दल थोडं लिहायलाच हवं. आज तिथे ती वास्तू उरलेली नाही. एकाच छताखाली रविशंकरांची 'किन्नर' संस्था, नाट्यदिग्दर्शक अल्काझींचं थिएटर युनिट, आणि चित्रकारांच्या खोल्या. हुसेन, तैयब मेहता, नसरीन मोहमदी. नसरीन वयाने लहान, गायतोंड्यांना गुरुस्थानी मानायच्या. पुढे त्यांनी कागदावर पेन्सिल-शाईने केलेली रेषांची कामं जगभर गेली. एकाच्या मौनातून दुसरीचं इतकं वेगळं मौन कसं उगवलं, यावर कुणीतरी स्वतंत्र धागा काढावा.

१९६३ मध्ये मॉरिस ग्रेव्हज हा अमेरिकन चित्रकार मुंबईत येऊन गायतोंड्यांची चित्रं पाहून गेला आणि त्याने न्यूयॉर्कच्या विलार्ड गॅलरीला पत्र लिहून शिफारस केली. पुढच्याच वर्षी रॉकफेलर फंडाच्या शिष्यवृत्तीवर गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. तिथे रॉथ्को या अमेरिकन चित्रकाराची चित्रं पाहिली. त्यामुळे बरेच जण गायतोंड्यांना 'भारताचा रॉथ्को' म्हणतात. मला हे बिरुद आवडत नाही. ते वस्तूपासून मोकळे झाले होते न्यूयॉर्कला जायच्या आधीच, मुंबईत. आणि रॉथ्कोचा रंग कॅनव्हासमध्ये झिरपतो, मोठमोठ्या ढगांसारखा तरंगतो. गायतोंड्यांचा रंग खरवडला जातो, काढला जातो, त्याला त्वचा असते.

नागझरी

छान धागा. मला एक भर घालायची आहे. १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९७२ मध्ये ते दिल्लीला गेले. शेवटपर्यंत तिकडेच. निजामुद्दीनला बरसाती, म्हणजे गच्चीवरची खोली, मोजकं सामान. लग्न केलं नाही. माणसांत फार मिसळत नसत. १९८४ मध्ये मोठा अपघात झाला आणि त्यानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास झाले नाहीत. त्या काळात कागदावर शाईची छोटी कामं केली. माझ्या मते ती फार महत्त्वाची आहेत आणि त्यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. सगळा प्रकाश, सगळे थर बाजूला ठेवून नुसती काळी शाई आणि कोरा कागद. ज्या माणसाचं अख्खं काम थरांवर उभं होतं, त्याने एका थरात काय राहतं ते पाहिलं. नंतर पुन्हा कॅनव्हासकडे आले तेव्हाची चित्रं बघा, लाल, पिवळी, केशरी, किती उजळ आहेत! २००१ मध्ये गेले.

झेनचं वाचन, रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती, खेतवाडीचे निसर्गदत्त महाराज, या सगळ्यांकडे त्यांची ओढ होती. त्यामुळे मला त्यांची चित्रं म्हणजे निर्गुणाचीच उपासना वाटते. आपल्या संतांनी जे शब्दांत सांगितलं ते त्यांनी रंगात सांगितलं.

जुनाजेजेकर

नागझरी, शाईच्या कामांबद्दल शंभर टक्के सहमत, आणि तुम्ही ते फार नेमकं लिहिलंत.

निर्गुणाबद्दल मात्र माझं थोडं वेगळं मत आहे. त्यांच्या जगण्यात अध्यात्म होतं यात शंका नाही. पण चित्रावर 'निर्गुण' ही पाटी लावली की आपण पुन्हा चित्राकडे बघणं थांबवतो. समुद्र शोधणारा चित्रात समुद्र बघून निघून जातो, निर्गुण शोधणारा निर्गुण बघून. दोघांनाही पिवळ्याखाली कुठला रंग आहे ते दिसत नाही. शांततेबद्दल ते स्वतः बोलत, ब्रश उचलण्याआधीच्या शांततेबद्दल. ती मला कामाची शांतता वाटते. सुतार रंधा मारण्याआधी लाकडाच्या शिरा बघतो, तशी.

नागझरी

सर, विचार करतो यावर. सुताराचं उदाहरण आवडलं. पण मला वाटतं की संतही कामकरीच होते, शिंपी, कुंभार, माळी. सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल होता. तेव्हा काम आणि उपासना यांत मी एवढी मोठी रेघ मारणार नाही.

जुनाजेजेकर

मान्य. मनापासून मान्य.

हिशोबनीस

पैशांच्या बाजूचं थोडं वाचून आलो, ते इथे ठेवतो. हे विक्रमी आकडे सगळे त्यांच्या मृत्यूनंतरचे आहेत आणि ते विकत घेणाऱ्याने विकणाऱ्याला दिलेले आहेत, चित्रकाराला नव्हे. आपल्या कॉपीराइट कायद्यात ५३अ हे कलम आहे. दहा हजारांवर फेरविक्री झाली तर मूळ चित्रकाराला किंवा त्याच्या वारसाला वाटा मिळावा अशी तरतूद त्यात आहे, जास्तीत जास्त दहा टक्के. हे मला माहीतच नव्हतं. बरसातीत राहून वर्षाला पाच-सहा चित्रं करणाऱ्या माणसाने बाजाराकडे बघून काम केलं असं म्हणता येणार नाही. तेवीस कोटींचा फरक कशात, हा माझा प्रश्न चुकीच्या माणसाला विचारलेला होता. तो लिलावात बोली लावणाऱ्यांना विचारायला हवा.

चित्र मात्र अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. मोबाइलवर पाहिलं, एक करडा चौकोन दिसला.

जुनाजेजेकर

हिशोबनीस, मोबाइलवर दुसरं काही दिसणारच नाही. फोटोत सगळे थर एकाच पातळीवर येऊन बसतात. प्रत्यक्षच बघा. निकल्सन संग्रह आहे, पण तिथे मांडणी बदलत असते, तेव्हा आधी चौकशी करून जा. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांची कामं आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही, होमी भाभांनी उभ्या केलेल्या संग्रहात. वैज्ञानिकांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर चित्रं असावीत असं भाभांना वाटलं, हे मला आजही फार मोठं वाटतं.

बघताना एवढंच करा: आधी लांबून, मग जवळून, मग अण्णांसारखं बाजूने. आणि परत लांबून.

पाणकणीस

मी काल जाऊन आले! गायतोंडे नव्हते लावलेले यावेळी. पण प्रभाकर बरवे यांचं एक चित्र होतं, त्याच्यापाशी बाजूने उभी राहिले. तिथे थर वगैरे नव्हते, एकदम सपाट, एनॅमलचा रंग. म्हणजे प्रत्येकाचा पृष्ठभाग वेगळा बोलतो. अण्णांना सांगा.

निळीशाई

सांगितलं. एनॅमल म्हटल्यावर म्हणाले, "तो लावायला सोपा, पण धूळ बसू द्यायची नाही. खिडक्या बंद करून मारायचा."

सर, एक विनंती. अण्णांनी विचारलंय की तो रोलर कुठला, किती इंची, आणि कॅनव्हासवर रंग ओढून काढताना खालचा फाटत कसा नाही. मला उत्तर देता येईना.

जुनाजेजेकर

इंचांचं मी ठामपणे सांगणार नाही. फाटत नाही कारण खालचा थर पूर्ण सुकून कडक झालेला असतो आणि वरचा ओला असतानाच काढायचा असतो. वेळेचं गणित आहे ते, पाऊण तास इकडे-तिकडे झाला तर बिघडतं.

लिहून कळणार नाही. असं करू. माझ्याकडे घरी, ठाण्यात, एक जुना लाकडी बोर्ड आहे, चार इंची रोलर आहे, दोन-तीन पॅलेट नाइफ आहेत. अण्णांना घेऊन या. ते त्यांचा पत्रा घेऊन येऊ देत. मला त्यांच्याकडून हात कसा द्यायचा ते बघायचं आहे, मी त्यांना तेलरंग दाखवतो. हिशोबनीस, पाणकणीस, जवळ असाल तर तुम्हीही या. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवतो.

हिशोबनीस

नक्की येतो.

निळीशाई

सर, अण्णांनी माळ्यावरून पिशवी काढली. पत्रा गंजला होता, आज सकाळी पॉलिश पेपर मारून ठेवलाय. विचारतायत, पहिला हात सुकायला किती दिवस धरायचे?

जुनाजेजेकर

पातळ दिला तर आठ-दहा दिवस. थंडी असेल तर जास्त.

निळीशाई

म्हणाले, "मग दोनदा यावं लागेल. येतो म्हणून सांग."